मारणे आणि जगवणे: मांसाहाराच्या नीतीतला नेमका प्रश्न कोणता?

पाऊलवाट

मी मांसाहार करतो आणि हे मी लपवत नाही. प्राण्याला अन्नासाठी मारणे प्रत्येक परिस्थितीत अनैतिकच असते, असे मला आजवर कधी पटलेले नाही. पण काही महिन्यांपूर्वी एका परिचितांच्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये तासभर थांबण्याचा योग आला आणि तेव्हापासून माझी अस्वस्थता गेलेली नाही.

ते पक्षी 38 दिवसांचे होते. शेडमध्ये हवा खेळती होती, पाणी स्वच्छ होते, भुशाची गादी कोरडी होती आणि मालक स्वतः दिवसातून चार वेळा फेरी मारत होते. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता. तरीही बहुतेक पक्षी बसून होते. एखादा पाण्यासाठी उठायचा, चार पावले चालायचा आणि पुन्हा छातीवर बसायचा. मी मालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की वजन आले की असेच होते, आता दोन-तीन दिवसांत गाडी येईल. त्या माणसाला दोष द्यावा असे काहीही मला तिथे दिसले नाही, आणि नेमके तेच मला अधिक छळते आहे.

मारणे आणि वाईट रीतीने जगवणे हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे मला वाटू लागले आहे. पहिल्यावर आपले एकमत होणार नाही, परंतु दुसऱ्यावर व्हायला काय हरकत आहे? आणि नीट वाढवलेल्या, नीट मारलेल्या प्राण्याचेच मांस खाईन अशी भूमिका कुणी घेतली, तर ती प्रामाणिक भूमिका ठरते की केवळ मनाची समजूत?

शाल्मली

मनाची समजूत, असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्या पक्ष्याला तुम्ही पाहिलेत, तो सहज पाच-सहा वर्षे जगू शकणाऱ्या जातीचा आहे आणि तो जेमतेम सहा आठवड्यांत मारला जातो. त्याला तुम्ही ऐसपैस जागा दिलीत, ऊन दिलेत, माती दिलीत, तरी ते सगळे दोन-तीन महिन्यांसाठीच असते. ‘चांगले आयुष्य दिले’ या वाक्यातला ‘आयुष्य’ हा शब्द मला तिथे बसत नाही. ज्याला जगण्यात सुख वाटते असे आपण मान्य करतो, म्हणूनच ज्याला चांगली जागा द्यायला निघतो, त्याचे ते सुख तोडण्याचा हक्क आपल्याला कुठून येतो, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

कोरा_कागद

शाल्मली, आपण दूध आणि अंडी घेता का? हा खोचक प्रश्न नाही, पुढच्या चर्चेसाठी ते माहीत असणे गरजेचे आहे.

शाल्मली

दूध घेते. अंडी क्वचित.

अवलोकिता

पशुविज्ञान शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून पाऊलवाट यांनी पाहिलेल्या दृश्यामागचे कारण सांगते.

कॅनडातील एका प्रयोगात 1957 पासून बदल न करता जपलेला कोंबड्यांचा वाण, 1978 चा तसाच जपलेला वाण आणि 2005 चा व्यापारी वाण, असे तिन्ही एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी-शेजारी वाढवले गेले. 56 व्या दिवशी त्यांचे सरासरी वजन अनुक्रमे सुमारे 905 ग्रॅम, 1,808 ग्रॅम आणि 4,202 ग्रॅम भरले. खाद्य तेच होते, तेव्हा हा फरक निवड-पैदाशीने आणलेला आहे. त्यात छातीचा स्नायू सर्वांत झपाट्याने वाढतो आणि पाय, हृदय व फुप्फुसे त्या वेगाला पुरी पडत नाहीत. म्हणून मालक कितीही सज्जन असला तरी पक्षी बसूनच राहतो. त्रासाचे मूळ शेडमध्ये नाही. पिल्लू शेडमध्ये येण्याआधीच ते त्याच्या शरीरात आलेले असते.

याच्या पुढची गोष्ट फारशी बोलली जात नाही. या पक्ष्यांच्या आईबापांना, म्हणजे पैदाशीच्या कळपाला, प्रौढ वयापर्यंत जगवावे लागते. त्यांना पोटभर खाऊ दिले तर ते अतिलठ्ठ होतात, अंडी देण्याची क्षमता घसरते आणि मरतुक वाढते. त्यामुळे त्यांना मोजूनमापून, भुकेपेक्षा बरेच कमी खाद्य दिले जाते. म्हणजे पोटभर दिले तर शरीर कोलमडते आणि न दिले तर जन्मभर भूक. असा पर्यायहीन प्राणी आपण निर्माण केला, यापेक्षा गंभीर आरोप मला तरी सुचत नाही.

शाल्मली यांनी अंड्यांचा उल्लेख केला, म्हणून तेही सांगते. अंड्यांच्या वाणाचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठी पुरेसे भरतही नाही, त्यामुळे उबवणी केंद्रात जन्माच्या दिवशीच ते मारले जाते. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच गर्भाचे लिंग ओळखण्याचे तंत्र वापरतात किंवा नरांनाही वाढवतात. पण जगात बहुतेक ठिकाणी जुनीच रीत चालू आहे. मांस न खाणारा माणूस या साखळीच्या बाहेर आहे, असे म्हणता येत नाही.

गव्हाण

मी गोठा सांभाळतो. अशा चर्चांत पाळणाऱ्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून बाकीचे सगळे न्यायाधीश होतात, याचा मला फार त्रास होतो. माझी गाय पहाटे तीन वाजता अडली तर मी तिच्याजवळ बसलेला असतो. कासदाह झाला तर चारही सडे दिवसातून अनेकदा पिळून काढण्याचे काम माझेच असते, आणि ते करताना तिला दुखते हे तिच्या पाय झाडण्यावरून मला कळते. जनावरावरचे प्रेम आणि त्याच्यापासून मिळणारे उत्पन्न या दोन गोष्टी माझ्या घरात एकाच दावणीला बांधलेल्या आहेत आणि त्या मी वेगळ्या करू शकत नाही.

जनावराला चांगले ठेवणे म्हणजे काय, हे मी माझ्या परीने सांगतो. कोरडी जागा, सतत पाणी, खुरांची वेळेवर निगा आणि मुख्य म्हणजे तिला मोकळे फिरता येणे. मी 6 वर्षांपूर्वी दावण सोडून मुक्त संचार गोठा केला. त्यानंतर लंगडण्याचे प्रमाण माझ्याकडे स्पष्टपणे कमी झाले आणि माजावर आलेली गाय लगेच ओळखू येऊ लागली.

शाल्मली

गव्हाण, आपल्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. फक्त एक विचारते. आपल्याकडे जन्मणाऱ्या गोऱ्ह्यांचे पुढे काय होते?

शुश्रूषा

मी पशुवैद्य आहे आणि काही वर्षे कत्तलखान्यात तपासणीचे काम केले आहे. पाऊलवाट यांनी ‘नीट मारलेल्या’ असा शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय असतो ते मी सांगू शकेन.

मोठ्या जनावराच्या कपाळावर योग्य जागी खिळ्याच्या पिस्तुलाने आघात केला, तर ते तत्क्षणी बेशुद्ध होते आणि त्यानंतर रक्त काढेपर्यंत त्याला काही जाणवत नाही. सगळा प्रश्न ‘योग्य जागी’ या दोन शब्दांत आहे. जनावर घाबरलेले असेल तर मान हलते, मान हलली तर आघात चुकतो. आणि ते घाबरते कशाने, तर जमिनीवरच्या ओल्या डबक्यातल्या चकाकीने, वाटेत लोंबणाऱ्या साखळीने, कठड्यावर टाकलेल्या कुणाच्या कोटाने, पुढच्या वळणावरच्या काळोखाने. हे टेंपल ग्रँडिन या अमेरिकन पशुशास्त्रज्ञांनी जनावरांच्या मार्गिकांमध्ये स्वतः उतरून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहून दाखवून दिले. त्यांनी मोजमापाची जी पद्धत रूढ केली ती साधी आहे. शंभरातील किमान 95 जनावरे पहिल्याच आघातात बेशुद्ध व्हायला हवीत आणि हंबरणाऱ्या जनावरांचे प्रमाण शंभरात 3 पेक्षा जास्त नसावे. म्हणजे ‘आम्ही दयेने वागवतो’ असे कुणी नुसते सांगून चालत नाही, हंबरडे मोजावे लागतात. मी ज्या ठिकाणी काम केले तिथे ते मोजले जात नव्हते. मी तशी मागणी लेखी केली, ती मान्य झाली नाही आणि मी ते काम सोडले.

डुकरांची गोष्ट अधिक अवघड आहे. मोठ्या कत्तलखान्यांत त्यांना कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत उतरवून बेशुद्ध करतात. यात एक फायदा आहे, कारण त्यांना एकेकटे जखडावे लागत नाही, गटाने राहता येते. पण हा वायू नाकाच्या व घशाच्या ओल्या आवरणावर आम्लासारखा झोंबतो, आणि शुद्ध जाईपर्यंतच्या त्या काही सेकंदांत जनावर तोंड उघडून श्वासासाठी धडपडते. मी ते पाहिले आहे. त्याला मी ‘नीट मारणे’ म्हणू शकत नाही.

अनिमिष

एक मुद्दा मांडतो. धान्य पिकवतानाही प्राणी मरतात. नांगरणीत, कापणीत, उंदरांच्या बंदोबस्तात असंख्य लहान जीव जातात. 2003 मध्ये स्टीव्हन डेव्हिस या पशुशास्त्रज्ञाने असा युक्तिवाद केला होता की केवळ पिकांवर जगण्यापेक्षा गवतावर चरणारी मोठी जनावरे खाल्ली, तर एकूण मृत्यू कमी होतील. मग शाकाहार निर्दोष कसा?

अवलोकिता

अनिमिष, त्या युक्तिवादाला त्याच वर्षी उत्तरही मिळाले होते. डेव्हिस यांनी मृत्यू मोजले ते दर हेक्टरी. पण एक हेक्टर पीक जितक्या माणसांना पोसते, तितक्यांना एक हेक्टर कुरण पोसत नाही. दर माणशी हिशेब केला की निष्कर्ष उलटतो. शिवाय जगातील बहुतेक डुकरे आणि कोंबड्या गवतावर नव्हे, पिकवलेल्या मक्यावर आणि सोयाबीनवर वाढतात, तेव्हा त्या पिकांतले मृत्यूही त्यांच्याच खात्यात येतात. तुमच्या मुद्द्यातला खरा भाग एवढाच उरतो की कुणाचेही ताट पूर्णपणे निष्पाप नसते, आणि तो मला मान्य आहे.

तिसरा_प्रहर

मला ही संपूर्ण चर्चा व्यक्तीच्या ताटाभोवती फिरते आहे याची चिंता वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यायचे, ते ग्राहकाच्या विवेकावर सोडले की काहीच बदलत नाही, कारण दुकानात उभ्या माणसाला पाकिटावरच्या हिरव्या कुरणाच्या चित्रापलीकडे काही दिसत नसते.

हा इतिहास आशा देणारा आहे, म्हणून थोडा विस्ताराने लिहितो. 1964 मध्ये रूथ हॅरिसन या लेखिकेने आपल्या पुस्तकातून बंदिस्त पशुपालनाचे चित्र ब्रिटिश वाचकांपुढे मांडले. लोकक्षोभ एवढा झाला की सरकारला समिती नेमावी लागली, आणि 1965 च्या त्या समितीने म्हटले की प्राण्याला किमान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. इतकी माफक अपेक्षा! तरीही ती प्रत्यक्षात यायला किती काळ लागला ते पाहा. अंड्यांच्या कोंबड्यांचे साधे तारेचे पिंजरे बंद करण्याचा निर्णय युरोपीय संघाने 1999 मध्ये घेतला आणि तो पूर्णपणे अमलात आला 1 जानेवारी 2012 पासून. स्वित्झर्लंडने मात्र 1981 मध्ये नियम करून 10 वर्षांच्या मुदतीनंतर ते पिंजरे हटवले होते. गाभण डुकरिणींना वळताही येणार नाही अशा अरुंद कोंडवाड्यात ठेवण्यावर ब्रिटनमध्ये 1999 पासून बंदी आली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2018 मध्ये असे मांस व अंडी आपल्या राज्यात विकण्यावरच निर्बंध घातले, आणि उद्योगाने त्याला दिलेले आव्हान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळले.

यातल्या प्रत्येक ठिकाणी ज्यांनी बाजूने मत दिले, त्यांतले बहुतेक मांस खाणारेच असणार, कारण त्यांच्याशिवाय बहुमत होणेच शक्य नव्हते. म्हणून पाऊलवाट यांनी केलेली दोन प्रश्नांची फोड मला महत्त्वाची वाटते.

कोरा_कागद

आणि भाववाढ? पिंजरा काढला, जागा वाढवली, हळू वाढणारा वाण आणला की खाद्य जास्त लागते, दिवस जास्त लागतात. ज्या घरात अंडे हेच सर्वांत परवडणारे प्रथिन आहे, त्या घराने आपल्या नैतिकतेची किंमत का मोजावी?

तिसरा_प्रहर

ही अडचण खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पण आजचा स्वस्त भावही कुणीतरी मोजतोच आहे, फक्त तो पक्षी मोजतो आहे. गरीब घराला आधार द्यायचा तर तो सार्वजनिक पैशातून थेट देता येतो. पक्ष्याच्या हाडांतून तो काढण्याचे कारण नाही.

अवलोकिता

‘पक्ष्याच्या हाडांतून’ हे शब्दशः खरे आहे. आधुनिक कोंबडी वर्षाला सुमारे 300 अंडी देते. तिचे मूळ असलेले रानकोंबडे वर्षाकाठी 10-15 अंड्यांवर थांबते. कवचासाठी लागणारे कॅल्शियम अपुरे पडले की ते हाडांतून जाते, आणि छातीच्या हाडाचे अस्थिभंग या कोंबड्यांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. हे अस्थिभंग पिंजरामुक्त, बहुमजली शेडमध्येही होतात, काही वेळा अधिक, कारण पक्षी उंचावरच्या दांडीवरून उडतात आणि आपटतात. मोठ्या कळपात एकमेकींना टोचून जखमी करण्याचा धोकाही असतो. पिंजरा काढणे हा सुधारणेचा आरंभ आहे. त्यासोबत वाण, कळपाचा आकार आणि सांभाळणाऱ्याचे कौशल्य बदलले नाही, तर आपण एका दुःखाच्या जागी दुसरे आणून ठेवतो.

तरीही पिंजरा परत आणा, असे मी कधीही म्हणणार नाही. जुन्या युरोपीय नियमात एका कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा होती. मोकळी सोडून मापले, तेव्हा मध्यम आकाराच्या कोंबडीला नुसते वळायला सुमारे 1,270 आणि पंख फडफडवायला 1,870 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते असे आढळले. म्हणजे पंख असलेला प्राणी जन्मभर पंख उघडू शकत नव्हता.

प्राण्याला काय हवे हे आपण ठरवू नये, त्यालाच विचारावे, हेही याच संशोधनाने शिकवले. 1965 च्या त्या समितीने पिंजऱ्याच्या तळाशी बारीक षट्कोनी जाळी नको, जाड तार हवी असे सुचवले होते, कारण माणसाच्या डोळ्याला ती पायांना बोचेल असे वाटले. पुढे 1973 मध्ये कोंबड्यांपुढे दोन्ही तळ ठेवले, तेव्हा त्यांनी बारीक जाळीच पसंत केली. पण अंडे घालण्यापूर्वी आडोशाच्या जागेपर्यंत पोचण्यासाठी त्या जड दार ढकलतात, अरुंद फटीतून अंग काढतात. दया करणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो, म्हणून दयेबरोबर निरीक्षणही लागते.

जुना_वाचक

मी दोन वर्षांपूर्वी आरोग्य आणि पर्यावरण या दोन्ही कारणांसाठी मोठ्या जनावरांचे मांस सोडले आणि केवळ कोंबडी व मासे खाऊ लागलो. हा धागा वाचून मी कोणते पाऊल उचलले, असा प्रश्न मला पडला आहे.

शुश्रूषा

जुना_वाचक, हवामानाच्या दृष्टीने आपला निर्णय योग्य होता, पण प्राण्यांच्या दृष्टीने तो उलटा पडतो. एका बैलापासून 200 किलोहून अधिक मांस मिळते. तेवढेच मांस कोंबडीतून घ्यायचे तर शंभराहून अधिक पक्षी लागतात, आणि ते बैलापेक्षा बहुधा अधिक हलाखीत जगलेले असतात. मासे घेतले तर संख्या आणखी वाढते. माशांना वेदना होत नाहीत असे आपण धरून चालत होतो. 2003 मध्ये लिन स्नेडन या संशोधिकेने ट्राउट माशांच्या ओठात दाहक द्रव टोचला, तेव्हा ते ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ खाईनात, आणि मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. त्यानंतर ती समजूत टिकवणे कठीण झाले. दोन चांगल्या हेतूंची दिशा एक नसते, हे मान्य करूनच निवड करावी लागते.

अनिमिष

माझी आणखी एक शंका आहे. आपण खाल्ले नसते, तर हे प्राणी जन्मलेच नसते. काही बरे दिवस मिळणे हे मुळीच न जन्मण्यापेक्षा चांगले नाही का?

शाल्मली

जो जन्मलाच नाही त्याचे काही हिरावले जात नाही, त्यामुळे त्याच्यावर उपकार केल्याचा दावाही करता येत नाही. आणि जन्माला घातले म्हणून वाटेल तसे वागवण्याचा अधिकार मिळतो, हे आपण स्वतःच्या मुलांबाबत क्षणभरही मान्य करणार नाही.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाबाबत माझे मत थोडे सरकले आहे. ‘नीट वाढवलेल्या प्राण्याचेच मांस खाईन’ ही भूमिका प्रामाणिक असू शकते, पण ती शब्दशः पाळली तर आज मी जे खातो त्यातले फारच थोडे शिल्लक राहते, आणि ते तसे उरत नसेल तर ती भूमिका मी घेतलेलीच नाही, असे मला म्हणावे लागेल. अवलोकिता यांनी पैदाशीच्या पक्ष्यांबद्दल लिहिले ते वाचल्यानंतर जलद वाढणाऱ्या वाणाची कोंबडी मी खाणार नाही. शाल्मली यांचा प्रश्न, तोडण्याचा हक्क कुठून येतो हा, माझ्याकडे अजून अनुत्तरित आहे. पण तो सुटेपर्यंत दुसऱ्या प्रश्नावर हात बांधून बसायचे, हे मला मान्य नाही.

शाल्मली

पाऊलवाट, इथे मी आपल्याशी सहमत आहे. मारणेच चूक असे मानणारी मी, पिंजरा मोठा करण्याच्या मागणीला आजवर विरोध करत आले, कारण त्याने लोकांचे मन शांत होईल आणि ते खातच राहतील अशी मला भीती होती. ती भीती अजूनही आहे. पण आज पिंजऱ्यात असलेल्या कोंबडीला माझ्या तात्त्विक शुद्धतेचा काही उपयोग नाही.

गव्हाण

शाल्मली यांनी मला एक प्रश्न विचारला होता. मी तेव्हा उत्तर दिले नाही आणि नंतरही तीन वेळा लिहून पुसले. आता लिहितो.

गोऱ्हा झाला की मी त्याला चीक पाजतो, पहिल्या काही तासांतच पाजतो, कारण त्याशिवाय त्याच्या अंगात रोगप्रतिकारशक्ती येत नाही. पंधरा-वीस दिवसांनी व्यापारी येतो आणि मी त्याला देतो. त्याचे पुढे काय होते हे मला पूर्ण ठाऊक आहे. त्या दिवशी गाय संध्याकाळपर्यंत हंबरते आणि दुसऱ्या दिवशी पान्हा चोरते. आपण जे दूध घेता आणि मी जे विकतो, त्यात हे आहे.

गेल्या वर्षापासून मी लिंगनिर्धारित वीर्य वापरतो, त्यामुळे साधारण दहातल्या नऊ वेळा कालवड होते. गोऱ्हे जवळजवळ थांबले. शिवाय यंदा दोन गायींची वासरे मी तोडली नाहीत, ती दिवसभर आईजवळ असतात आणि मी फक्त सकाळची धार काढतो. दूध बरेच कमी मिळते, हे खरे आहे. हे सगळ्या गोठ्याला परवडेल का, याचा हिशेब मी मांडतो आहे आणि तो अजून जुळलेला नाही. वेताचे वर्ष पूर्ण झाले की आकडे इथेच लिहीन.